नवरदेवाची खांदमळनी

पाखराला आंघोळ कशी घालावी हे आळंदपासून बीदरपर्यंत माझ्याइतकं कोनालाच कळत न्हाई. मी पहिली आंघोळ घातली तवा पाखरू मरायला टेकलं व्हतं, म्हनून मला जास्त कळतंय.

शाळेत मी गेलो न्हाई. म्हंजे गेल्तो एकदा, म्हस शोधायला. त्यामुळं हे सगळं मी फोनात बोलायलाव आन् फोन लिहायलाय. मी 'न्हाई' म्हनलं की तो 'नाही' लिहितोय, मी परत चिडून 'न्हाई' म्हनतोय, मग तो दोन्ही लिहितोय. सांच्याला नात वाचून दाखवती, तवा कळतंय की मी सकाळी काय बोललो. माझं नाव शिवा. घरात सगळे शिव्या म्हनायचे. हाक मारली तरी शिव्या, चिडले तरी शिव्या, मला दोन्हीतला फरक लई उशिरा कळायला लागला.

तर माझी थोरली अक्का बीदरला मैलूरमधी दिली व्हती. तिचा नवरा, म्हंजे आमचे दाजी, शिंपी. वकिलांचे काळे कोट शिवायचे, कोर्टातली निम्मी मानसं त्यांच्या हातचं अंगात घालून खोटं बोलायची असं दाजीच सांगायचे. घर दोन खोल्यांचं, खाली शहाबादी फरशी, म्होरल्या खोलीत मशीन आन् मशिनीच्या वर, खिडकीपाशी, पिंजरा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं जाताना पाखरू दाजीला देऊन टाकलं व्हतं. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, आन् दोन्ही गालांवर गोल केशरी ठिपका, जसं कोनी हळद-कुंकू कालवून लावलंय. दुकानात त्याला कॉकटेल म्हनत्यात. लग्नानंतर अक्का पहिल्यांदा गावाकडं आली आन् चुलीपाशी बसून म्हनली, "अप्पा, घरात कॉकटेल आनलंय, लई ग्वाड हाय." अप्पाचं तोंडच उतरलं. जावाई पितोय इथवर त्यांनी सोसलं असतं, पन लेकीनं ग्वाड हाय म्हनावं? पाखरू हाय हे कळेस्तोवर अप्पा भाकरी मोडून तसेच बसले व्हते.

हळदीचे गाल म्हनून अक्कानं त्याचं नाव नवरदेव ठेवलं. लग्न होऊन आली तवा त्या घरात तिच्याशी बोलनारं कोनी न्हवतं. दाजी दिसभर मशिनीशी बोलायचे, आन् दाजीची माय, तिला आमी सगळे अव्वा म्हनायचो, तिला कमी ऐकू यायचं. मग अक्का पाखराशी बोलायची. "नवरदेव, जेवलास का?" म्हनायची, आन् मशिनीवरून दाजी म्हनायचे, "व्हय." "तुमाला न्हाई इचारलं." "मग घरात नवरदेव किती हायत?" पाखरू मान वाकडी करून शीळ घालायचं, आन् लईच खुशीत आलं की दाजीच्या मशिनीचा आवाज काढायचं, कट्कट्कट् कट्कट्कट्. दाजी जेवायला बसले तरी मशीन चालूच. गिऱ्हाईक दारातून बघून म्हनायचं, उस्ताद, आत कामाला गडी ठेवला व्हय.

अक्काचं पहिलं बाळंतपन माहेरी व्हायचं ठरलं. अप्पा तिला न्यायला आले आन् मला घेऊन आले, कारन अव्वाला पानी भरायला कोनतरी पायजे व्हतं आन् गावाकडं माझ्यावाचून कुनाचं अडत न्हवतं. ती तिकडं गेली आन् तिच्या जागी ह्या घराला मी मिळालो. दाजी पहिल्याच दिशी मला खालवर बघून म्हनले, "बदली देताना लोक थोडं तरी बरं सामान देत्यात."

जायच्या आधी अक्कानं मला पिंजऱ्यापाशी उभं केलं. म्हनली, रोज सकाळी खालचा पेपर बदल. पान्याची वाटी घास, नुसती इसळू नको. राळं आन् करडी घाल, कवा कोथिंबिरीची काडी दे. ताटलीत दोन बोटं पानी ठेव, त्याची आंघोळ तो करतोय, तू त्याला हात लावू नको. तिनं आनिकबी बरंच सांगितलं. मी टेबलफॅनकडं बघत व्हतो. फॅन मान हलवत व्हता म्हनून मी पन मान हलवली. अक्काला वाटलं, पोराला कळलं. जाता जाता तिचे डोळे भरले. म्हनली, "शिव्या, मी लेकराला घेऊन येईन तवा हा हितं असला पायजे. एवढं कर." मी म्हनलो, "माझ्यावर सोड." ही बोली मी आयुष्यात जवाजवा बोललोय, तवातवा कोनाचं तरी वाटोळं झालंय.

त्या घरातले पहिले दिस मला अजून जिभेवर हायत. अव्वाच्या हातची ज्वारीची पातळ भाकरी, पुंडीची, म्हंजे अंबाडीची, आंबट भाजी, वर कच्चं तेल, आन् आयतवारी शेंगाची पोळी. मी एवढा जेवायचो की अव्वा भाकरी थापताना मला बाहेर पाठवायची, म्हनायची, तू समोर असलास की पीठ पुरत न्हाई. खायचं, दोन घागरी पानी आनायचं, आन् खिडकीत बसून पाखरासंग शीळ घालायची. सुखाचं चाललं व्हतं. पन पाखराच्या अंगातून एक पांढरी भुकटी झडायची. पंख झटकले की हवेत धूर. फरशीवर, खिडकीवर, आन् सगळ्यात जास्त कुठं, तर वकिलांच्या काळ्या कोटांवर. अक्का व्हती तवा दिसातून दोनदा वल्या फडक्यानं सगळं पुसून घ्यायची, त्यामुळं कोनाला कळलंच न्हवतं. मी खराट्यानं झाडायचो. खराट्यानं झाडलं की खालचं वर यायचं आन् वरचं कोटावर बसायचं.

एक दिशी एका वकिलानं नवा कोट घालून आरशात बघितलं. बघितलं तर पिठाच्या गिरनीतून आल्यासारखा मानूस. त्यांनी नुस्तं खांद्यावर बोट फिरवून बोट दाजीला दाखवलं. ते गेल्यावर दाजीनं कात्री खाली ठेवली. म्हनले, "मेव्हनेसाहेब, ह्या तुमच्या नवरदेवाला कोंडा झालाय. तुमची अक्का येईस्तोवर ह्याचा कोंडा गेला तर ऱ्हाईल. न्हाई तर चौबाऱ्याच्या बुरुजापाशी पाखरंवाला बसतोय, त्याला देऊन टाकतो. धंदा बुडाला तर बुडू दे, पन घरात लेकरू येनार हाय, त्याच्या नाकात ही भुकटी घालू काय?" दाजी मनानं वाईट न्हवते. पन त्यांनी एकदा कापड बेतलं की ते परत जोडता यायचं न्हाई, आन् बोलनं बी तसंच.

मला झोप लागंना. पाखरू चौबाऱ्यावर गेलं तर अक्का दारातूनच मागं फिरंल असं वाटायलं. मग मी इचार केला, जो मी कवा करत न्हाई. कोंडा म्हंजे कोंडा. मानसाचा काय आन् पाखराचा काय. सकाळी अव्वा भाकरी थापत बसली व्हती, तिच्या कानापाशी जाऊन वरडलो, "अव्वा, कोंड्याला काय लावावं?"

अव्वानं माझ्या डोक्याकडं बघितलं. बराच येळ बघितलं. म्हनली, "खोबरेल लाव रं तम्मा. हात राखू नको, बुडापर्यंत चोळ. मग उन्हात बस."

मला वाटलं, पाखराचं सांगायली. तिला वाटलं, माझ्या डोक्याचं इचारायलाय. दोघं बी खूश.

आता हितं अजून एक गोष्ट हाय. तो दिस कारहुणवीच्या, म्हंजे बैलांच्या सनाच्या, आदला व्हता. आमच्याकडं त्या दिशी बैलाची खांदमळनी करत्यात. वरीसभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला असतोय, त्याला तेल-हळद लावून चोळायचं, गरम पान्यानं शेकायचं आन् म्हनायचं, उद्या जेवाय या. गावात मला दुसरं काईच येत न्हवतं, पन बैलाचा खांदा मळायला लोक मला बोलवायचे. बैल डोळे झाकून उभा ऱ्हायचा. मैलूरमधी बैल कुठला? अव्वानं बाजारातनं मातीची जोडी आनून देव्हाऱ्यापाशी ठेवली व्हती. मातीच्या बैलाला चोळावं तर त्याचं शिंग हातात येतंय, ते बी करून बघितलं व्हतं मी. हात शिवशिवत व्हते. घरात जिता प्रानी म्हनावा असा एकच, नवरदेव. म्हनलं, कोंडा बी जाईल आन् सन बी व्हईल.

दाजी काजं करायला दिलेले कोट आनायला बाहेर गेले. मी वाटीत खोबरेल घेतलं, हळद कालवली. पिंजऱ्यात हात घातला. त्यानं पहिल्यांदा माझा आंगठा फोडला. बैल असं करत न्हाई. पन मी गडी धीराचा, त्याला बाहेर काढून मांडीवर धरलं आन् पंखाच्या खांद्यापासून चोळायला सुरवात केली, बुडापर्यंत, अव्वानं सांगितलं तसं. बैलासंग बोलतो तसं बोलत व्हतो, "हो रं राजा, झालं रं." पाखरू आधी वरडत व्हतं, मग हळूहळू वरडायचं बंद झालं. मला वाटलं, बरं वाटायलंय.

सोडलं तर ते उडालं न्हाई. धप्पकन मशिनीवर पडलं, तिथनं शिवायला ठेवलेल्या कोटाच्या बाहीवर, बाहीवरनं फरशीवर. अंगाची सगळी पिसं चिकटून मूठभर झालेलं, तुरा मागं चपट, आन् असं थरथरायलं की फरशीवर नखं वाजायली. मी म्हनलो, "नवरदेव." त्यानं माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई. तवा मला कळलं, ते बरं वाटून गप झालं न्हवतं. आजबी पिवळं तेल बघितलं की ती नखं ऐकू येत्यात, म्हनून मी पन्नाशीनंतर भजी सोडली, लोकाला वाटतं डाक्टरनं सांगितलंय.

तेवढ्यात दाजी आले. पहिलं त्यांनी काय बघितलं, तर मशिनीवरची बाही. नव्या कोटाची, कालच बेतलेली, आन् तिच्यावर हळदीची बारकी बारकी पावलं. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी फरशीकडं बघितलं. मी मार खायला मान खाली घातली व्हती, पन मार पडला न्हाई. दाजी खाली बसले व्हते.

"काय केलास रं?"

"खांदमळनी."

"कुनाची?"

मी पाखराकडं बोट केलं. दाजी माझ्याकडं बघत ऱ्हायले, जसं कोनी कानडीत बोललेलं तेलगू मानसानं ऐकावं. मग त्यांनी ती बाही उचलली, अजून एकच बाजू शिवलेली, आन् पाखराला अलगद तिच्यात गुंडाळलं, डोकं तेवढं बाहेर. ती बाही सदऱ्याच्या आत छातीशी धरली. म्हनले, "ऊठ. सायकल काढ. तूच चालव, मी ह्याला सोडनार न्हाई." ज्यांना पाखरू नको व्हतं, ते म्हनत व्हते. मी गुमान सायकल काढली. आयुष्यात जे दोन-तीन शहानपनाचं केलं त्यातलं ते एक.

जनावरांच्या दवाखान्यात रांग व्हती. म्हशी, शेरडं, एक बैल कारहुणवीआधी शिंग मोडून आलेला. त्याच्या मालकानं दाजीच्या सदऱ्यातनं निघालेली काळी बाही बघितली, त्यातनं पिवळा तुरा बघितला, आन् म्हनला, "अण्णा, वकील आजारी हाय व्हय?" सगळी रांग हसली. पन त्याच मानसानं बैल मागं ओढला आन् म्हनला, जावा म्होरं, बारक्या जिवाला दम निघत न्हाई.

आत एक डाक्टरीनबाई व्हत्या, वयानं आमच्या अक्काएवढ्या. कानडी मुलखातल्या, पन मराठी झकास, आन् जीभ लिंबापेक्षा आंबट. बाही उलगडून त्यांनी वास घेतला.

"खोबरेल. हळद." माझ्याकडं बघितलं. "मीठ-मिरची इसरलास काय? तळायला आनलास की तपासायला?"

मी म्हनलो, "बाई, कोंडा झाल्ता."

"कुनाला?"

हा प्रश्न त्या दिशी मला सगळेच इचारत व्हते. मी सांगितलं. पांढरी भुकटी, काळे कोट, सगळं. बाईनं डोक्याला हात लावला. म्हनल्या, "अरे, ती पावडर हाय त्याची. सोताच्या पिसातनं सोता काढतंय आन् सगळ्या अंगाला लावून घेतंय, त्यानं पिसं कोरडी, उबदार ऱ्हात्यात. भुकटी झडायली म्हंजे पाखरू धडधाकट हाय. आन् तू त्याच्यावर तेल वतलास. आता ह्याच्या अंगात ऊब धरंना. म्हनून कापायलंय."

दाजीनं हळूच इचारलं, "वाचंल का बाई?"

"अंग गार पडू दिलं न्हाई तर वाचंल. धरा. छातीला दाबू नका अण्णा, पाखरू छाती हलवून श्वास घेतंय. मान दोन बोटात, बास."

दाजीनं धरलं, सुईत दोरा ववताना धरत्यात तसं. बाईनं आधी मक्याचं पीठ त्याच्या अंगावर भुरभुरलं, तेल शोषायला, डोळे-नाक वाचवून. ते पिवळं पीठ झाडलं, परत भुरभुरलं. मग कोमट पानी, त्यात भांडी घासायच्या पातळ साबनाचे थेंब, पिसं ज्या दिशेनं त्याच दिशेनं हात. चोळायचं न्हाई, असं त्या माझ्याकडं बघून दोनदा म्हनल्या. मग साध्या कोमट पान्यात, मग टॉवेलात. एका धुन्यात सगळं तेल निघत न्हाई म्हनल्या, दोन दिसांनी परत आना, तवर टोपलीत बल्बच्या उबेला ठेवा, फॅन बंद. जाता जाता त्याची नखं बघितली. लांबून वाकडी झाल्ती, कारन पिंजऱ्यातली दांडी गुळगुळीत व्हती. बारक्या कटरनं नुस्तं टोक कातरलं, आत लाल शीर दिसती तिच्या अलीकडं. म्हनल्या, पेरूची खरबरीत फांदी घाला, नखं आपसूक झिजत्यात. अक्कानं जाताना फांदीचं बी सांगितलं व्हतं, ते मला तिथं आठवलं. मी ते कोनाला सांगितलं न्हाई.

कारहुणवीच्या दिशी घरात पुरनपोळी झाली. मातीच्या बैलाला निवद दाखवला. मशिनीखाली टोपली, टोपलीवर बल्ब. दाजीनं त्या दिशी मशीन चालवली न्हाई, म्हनले, हादऱ्यानं भ्येल. आमी तिघं जेवायला बसलो. मी दोन पोळ्यावर उठलो, तवा अव्वा घाबरली, तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पाखरू खात न्हवतं. दाजी राळं चिमटीत धरून त्याच्या चोचीपाशी न्यायचे, ते डोळे मिटून घ्यायचं. मी मनात अक्काशी बोलून बघत व्हतो, तिला काय सांगायचं. कसंबी सांगितलं तरी पहिला शब्द खांदमळनी येत व्हता.

दुसऱ्या दिशी त्यानं थोडं राळं फोडलं. परत दवाखान्यात धुतलं. त्या दिशी त्यानं दाजीचं बोट चावलं आन् दाजी रक्त दाखवत घरभर हसत फिरले. मग एका सकाळी मी पानी भरून आलो तर आत मशीन चालू. कट्कट्कट्. म्हनलं, चला, दाजी कामाला लागले. बघतो तर दाजी मोरीत दात घासायलेत. तोंडात फेस तसाच, ते माझ्याकडं बघायलेत, मी त्यांच्याकडं. मशीन चालूच. अव्वाला तर आवाज ऐकू येत न्हवता, पन आमची तोंडं बघून तिला कळलं, तिनं देवापुढं साखर ठेवली आन् मी ती खाल्ली.

पन खरा आनंद त्यानंतर झाला. दाजी काळं कापड बेतत व्हते. टोपलीतनं पिंजऱ्यात गेलेल्या नवरदेवानं पंख झटकले. दाजीनं कापडावर बोट फिरवलं आन् बोट वर धरलं. पांढरं. "शिव्या! कोंडा आला!" एवढ्या मोठ्यानं वरडले की शेजारीन बाहेर आली आन् म्हनली, कुनाला आला? मानसाच्या छातीवरनं जातं उतरावं तसं झालं मला. ज्या भुकटीसाठी एवढं रामायन झालं, तीच भुकटी बघून दाजी लेकरू जन्मल्यासारखं वरडायले.

मग दाजीनं पिंजरा मशिनीवरून काढून पलीकडच्या खिडकीत टांगला. माझा खराटा मोडून चुलीत घातला, वल्या फडक्यानं सोता पुसायला लागले. आन् इस्त्री करताना कापडावर पानी मारायचा जो फवारा असतोय, तसला एक नवा आनला, नुस्त्या पान्याचा. रोज उन्हं वर आली की दाजी फवारा वर धरायचे, पानी धुक्यासारखं खाली यायचं, आन् नवरदेव दांडीवर दोन्ही पंख पसरून उलटा लोंबकळायचा, तुरा उभा, तोंडानं किचकिच. सांजच्या आत सुकून कोरडा. भुकटी निम्म्यानं बसली. आजबी माझ्या दारात दोन पाखरं हायत आन् मी असंच करतो. नात मोबाईलात बघून सांगती, आजोबा, हितं बी असंच लिहिलंय. मी म्हनतो, मग त्याला इचार, तेल लावायचं का. ती म्हनती, तसं कोन इचारत बी न्हाई.

अक्का पोरगीला घेऊन आली तवा लेकराला माझ्या हातात देऊन ती आधी खिडकीकडं गेली. "नवरदेव, जेवलास का?" म्हनली. दोघं बी व्हय म्हनले, एकानं शीळ घातली. तिच्या डोळ्याला पानी आलं, ती हसायली बी. सांच्याला दाजीनं तिला काय काय सांगितलं, मला ठावं न्हाई. मग बारसं हितंच धरलं, त्याला गावाकडची मानसं आली, अप्पा आले. मी मधोमध बसून सांगायलो, पाखरू कसं मरायला टेकलं व्हतं, मक्याचं पीठ कसं मारलं, नख कुठवर कातरावं, आन् एवढ्या बारक्या जिवाला मी कसा वाचवून काढला. पाव्हने तोंडात बोट घालून ऐकायले. अप्पा पहिल्यांदाच माझ्याकडं मान वर करून बघायले.

अक्का लेकराला पाळन्यात टाकत व्हती. मान वळवली न्हाई तिनं. म्हनली, "धुतलं डाक्टरीनबाईनं. सांभाळलं ह्यांनी. तू हितं ऱ्हाऊन नुस्ता जेवलास."